सकाळ रानाची, दुपार दगडाची: पाटणादेवी ते तोरणमाळ, खानदेशातली सहा दिवसांची गाडीवाट

मुंबई-आग्रा रस्त्याने इंदूरकडे निघालेली गाडी धुळ्याजवळ शेवभाजी खायला थांबते आणि तोंड पुसून पुढे सुटते. त्यामुळे खानदेश म्हणजे ऊन, कापूस आणि ढाबा, एवढंच चित्र डोक्यात बसतं. प्रत्यक्षात दक्षिणेला सातमाळ्याची रांग, उत्तरेला सातपुडा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी असा हा लांबट पट्टा आहे. दोन्ही डोंगरांच्या पायथ्याशी रान आहे, आणि रानाच्या कडेला हजार-दोन हजार वर्षांचे दगड पडलेले आहेत. ना ताडोबासारखी जिप्सी, ना अजिंठ्यासारखी रांग. मात्र नियोजन स्वतःलाच करावं लागतं. ते कसं करायचं यासाठी हा लेख.

सगळ्या आखणीमागे एकच नियम आहे: सकाळ-संध्याकाळ रानाला द्यायची, दुपार दगडाला. उलटं केलं की दोन्ही हातचं जातं. सकाळी दहाला जंगलात शिरलात तर वानरांशिवाय काही दिसत नाही, आणि संध्याकाळी किल्ल्यावर पोचलात तर उतरताना अंधार. त्यामुळे मुक्काम नेहमी रानाच्या जवळ ठेवायचा आणि किल्ले, लेणी, देवळं मधल्या प्रवासात पाहायची.

कधी निघायचं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. या दिवसांत हतनूर धरणाच्या पाण्यावर परदेशी बदकं असतात, सातपुड्यातल्या सागाची पानं झडायला लागल्यामुळे झाडावरचा पक्षी दिसतो, आणि दुपारीसुद्धा किल्ला चढता येतो. पावसाळ्यात पाटणादेवीचे धबधबे आणि तोरणमाळचं धुकं बघण्यासारखं असतं, पण तेव्हा वन्यजीव दिसायची आशा कमी ठेवायची आणि घाटांची खात्री धरायची नाही. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या आणि चाळीसगावात पुराचं पाणी शिरलं होतं, ते इकडच्या लोकांना चांगलं लक्षात आहे. एप्रिल-मेचा विचारही नको. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा इथली माणसंसुद्धा दुपारी बाराला दार लावून घेतात.

यात्रांच्या तारखा आधी पाहून घ्या. नवरात्रात आणि चैत्री पौर्णिमेला पाटणादेवीला, महाशिवरात्रीला तोरणमाळला, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला प्रचंड गर्दी असते. सारंगखेड्याचा घोडेबाजार हाच तुमचा उद्देश असेल तर जरूर त्या दिवसांत या, पण मग शहादा-दोंडाईचाकडे राहायला खोली मिळायची नाही हे धरून चला.

गाडीची तयारी

साधी हॅचबॅक चालते. जमिनीपासून जरा उंच असलेली गाडी असेल तर सातपुड्यातल्या पाल गावाच्या आणि तोरणमाळच्या रस्त्यावर जीव खाली-वर होत नाही. स्टेपनीत हवा आहे ना ते निघण्याआधी स्वतः बघा, 'असेलच' म्हणू नका. टाकी चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्याच्या गावी भरून घ्यायची. डोंगरात शिरल्यावर पंप शोधत बसायला लागू नये. पाल आणि तोरणमाळकडे मोबाइलची रेंज मधूनमधून जाते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवा.

दुर्बीण मात्र नक्की घ्या, आठ बाय बेचाळीसची पुरते. कपडे मातकट, हिरवट. लाल-पांढरे शर्ट गावात घाला. तोरणमाळला डिसेंबरात खरोखर थंडी असते, तेव्हा स्वेटर दिखाऊ नको, जाड हवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. शहादा-शिरपूर भागात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागे दिवा तर सोडाच, रेडियमची पट्टीही नसते. त्यात रावेर-सावद्याकडून केळीचे ट्रक आणि वरून कापसाच्या गाड्या. रानडुक्कर आणि रोहीही (नीलगायीला इकडे रोहीच म्हणतात) याच वेळी रस्ता ओलांडतात. पूर्ण वाढलेला नर रोही काचेवर आला तर गाडीचं काय होतं ते इथल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारा.

पहिला दिवस: चाळीसगाव, पाटणादेवी, पितळखोरे

पुणे, नाशिक, मुंबई कुठूनही आलात तरी आदल्या रात्री चाळीसगावात मुक्काम करा. पाटणादेवी तिथून अठराएक किलोमीटर. उजाडता उजाडता वनविभागाच्या नाक्यावर पोचायचं, नोंद करायची, तिकीट घ्यायचं. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. घाटाला नाव मिळालं ते भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं.

नाक्यापासून देवळापर्यंत गाडी वीसच्या वर नेऊ नका आणि काचा खाली ठेवा. इथे रान डोळ्यांआधी कानाला कळतं. मोराचा केका रोजचाच. वानरांनी अचानक एकसुरी खाकरणं सुरू केलं तर इंजिन बंद करून थांबा: बिबट्या जवळपास असू शकतो. तो दिसेल असं मात्र मी सांगणार नाही. दिसतात ते मोर, वानरं, रोही, रानडुकरं, नशीब असेल तर भेकर किंवा चौशिंगा. बिबट्या, तरस, अस्वल आहेत, पण त्यांची भेट बहुधा मातीतल्या ठशावरच होते. म्हणून देवळामागच्या ओढ्याकाठची ओली माती पाहत चला.

चंडिका देवीचं मंदिर उंच जोत्यावर आहे, तीन बाजूंनी डोंगर. बाहेरच्या भिंतीला इतके कोन काढले आहेत की ऊन सरकतं तशी सावलीची उभी पट्टी एका कोनावरून दुसऱ्यावर जाते. नऊच्या सुमारास ही पट्टी सर्वांत ठळक असते. दर्शन झाल्यावर लगेच निघू नका. कारण हे पाटण गणिताच्या इतिहासातलं मोठं गाव आहे. इथे सापडलेल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचं अध्यापन व्हावं म्हणून मठ काढल्याची नोंद आहे. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे आणि त्यात पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर मठाला काय मिळावं याचा तपशील दिला आहे. गणिताच्या शाळेचा खर्च बाजाराच्या करातून! हा लेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

त्याही मागे जायचं तर, जवळच्या पाटणे गावाच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरलेला तुकडा मिळाला. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे आज जिथे आपण मोर शोधतो, तिथे तेव्हाच्या माणसाला शहामृग दिसत होतं.

पाय चांगले असतील तर कन्हेरगडाच्या वाटेवरची नागार्जुन लेणी, सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी पाहून या. गडाखालचं हेमाडपंती महादेव मंदिर तर चुकवूच नये, देवीच्या मंदिरापेक्षा इथे शांतता जास्त आहे. केदारकुंडाकडे जाणारी वाट ओढ्यातून आहे, पावसाळ्यात पाणी वाढलं की जाऊ नये. स्थानिक वाटाड्या घ्या, पायवाटा फुटतात.

दुपारी पितळखोरे. कन्नड घाट चढून वरच्या अंगाने जायचं, तिथून पायऱ्या खाली दरीत उतरतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली ही बौद्ध लेणी अजिंठ्याच्या सुरुवातीच्या लेण्यांच्या बरोबरीची जुनी, पण इथे दुपारी आपल्याशिवाय कोणी नसतं. दगड ठिसूळ, पुष्कळ भाग कोसळलाय. चौथ्या लेण्याच्या जोत्यावरची हत्तींची रांग मात्र टिकून आहे: पुढचा पाय, गळ्यातली घंटा, पाठीवरची झूल नीट बघा. चैत्यगृहाच्या खांबांवर रंगाचे अवशेष दिसतात. इथेच एक बुटका, हसरा यक्ष मिळाला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि त्याच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने आपण हे घडवल्याचं कोरून ठेवलं आहे.

परत चाळीसगावला. संध्याकाळी वेळ उरला तर स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं घर-संग्रहालय उघडं आहे का ते आधी विचारून बघा. छायाचित्रणाची आवड असलेल्याने या माणसाचं काम पाहायलाच हवं.

दुसरा दिवस: फरकांडे, एरंडोल, मुक्ताईनगर

आजचा दिवस प्रवासाचा, दीडशेच्या आसपास किलोमीटर. भडगावमार्गे एरंडोलकडे जाताना गिरणेच्या खोऱ्यातलं फरकांडे लागतं. इथले झुलते मनोरे प्रसिद्ध होते: एक हलवला की दुसराही हले. त्यातला एक पडला. उरलेल्याला हलवून बघायचा मोह आवरा, आणि बरोबर मुलं असतील तर त्यांनाही आवरा. पुढे पद्मालयाच्या तळ्यातली कमळं आणि गणपती. पाऊण तास पुरतो.

दुपारचं जेवण जळगावला. हिवाळ्यात आलात तर भरीत-पुरी नाहीतर कळण्याची भाकरी आणि भरीत, दुसरं काही मागवू नका. इथली भरिताची वांगी हिरवी, पांढरट रेघांची, आकाराने मोठी. ती कापसाच्या पऱ्हाटीवर किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी बडगीत ठेचतात. गॅसवर भाजलेलं भरीत वाढलं तर तुम्ही चुकीच्या खानावळीत बसलात. जळगावच्या या वांग्याला आणि केळीलाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

चारच्या आत मुक्ताईनगर गाठा. सूर्य कलताना हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी उभं राहायचं आहे. मुक्काम मुक्ताईनगर किंवा भुसावळला.

तिसरा दिवस: हतनूर, चांगदेव आणि केळीचा पट्टा

तापी आणि पूर्णा जिथे मिळतात त्याच्या खाली हतनूरचं एक्केचाळीस दरवाज्यांचं धरण आहे. संगमाच्या आजूबाजूला पाणी पसरून उथळ झालंय, म्हणून पक्ष्यांना ते मानवतं. सकाळी सूर्य पाठीशी येईल असा काठ निवडा. हे सोपं वाटतं, पण निम्मे लोक उन्हाकडे तोंड करून उभे राहतात आणि मग सगळीच बदकं काळी दिसतात. केशरी अंगाचे चक्रवाक जोडीने असतात आणि लांबूनही ओळखू येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस म्हणजे पट्टकदंब, हिमालय ओलांडून आलेले. चमच्यासारख्या चोचीचे थापट्या, लालसरी, वारकरी, शेकाटे, पाण्यावर झेपावणारे नदीसुरय. मच्छीमाराची होडी घ्यायची तर थव्याच्या अंगावर नेऊ नका. एकदा उठलेला थवा परत उतरायला फार वेळ घेतो, त्यात त्याची भूक आणि तुमची सकाळ दोन्ही जातात.

दहानंतर चांगदेव मंदिर. संगमाजवळचं हे काळ्या पाषाणातलं मंदिर भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. चौदाशे वर्षं जगल्याची ख्याती असलेल्या चांगदेव योग्याने (पाटणच्या मठाचा चांगदेव वेगळा) ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं आणि मुक्ताईने त्यावर टोला हाणला, ही गोष्ट मराठी घरात वेगळी सांगायला नको. मुक्ताईचं स्थानही याच परिसरात, कोथळी-मेहूणला. एका सकाळीत गुरू आणि शिष्य दोघांचं दर्शन होतं. वयाने धाकटी ती गुरू.

मग तापी ओलांडून सावदा-फैजपूरकडे. इथून पुढे दोन्ही बाजूंना केळीच केळी. मोठ्या पानांनी रस्त्यावर ओलसर गारवा येतो, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत सुरू होते ती थेट तळोद्यापर्यंत तुमच्या उजव्या हाताला राहते. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. केळीचे वेफर्स इथेच घ्या, ताजे तळलेले.

फैजपूरहून खिरोद्यावरून पाल. शेवटचा भाग डोंगराचा, वळणं बेताची. पालला वनविभागाचं विश्रामगृह आहे, आरक्षण आधी करून ठेवा. संध्याकाळी सुकी नदीवरच्या गारबर्डी धरणाच्या काठी जा.

चौथा दिवस: यावल अभयारण्य आणि थाळनेर

यावल अभयारण्य १९६९ पासूनचं, सुमारे १७७ चौरस किलोमीटर, मध्य प्रदेशाच्या हद्दीला टेकलेलं. साग, अंजन, सालई, धावडा. आत जायचं ते वनकर्मचाऱ्यांना सांगून, त्यांनी दिलेल्या वाटेने आणि शक्य तर त्यांचाच माणूस बरोबर घेऊन. लंगडा आंबा, जामन्या या बाजूचे कच्चे रस्ते नकाशावर दिसतात म्हणून आपणच घुसू नका. अतिक्रमण आणि सागचोरीमुळे हा भाग नाजूक आहे, अनोळखी गाडीकडे सगळेच संशयाने बघतात. पाड्यांवर पावरा आणि तडवी भिल्ल लोकांची वस्ती. फोटो विचारून काढायचा, आणि पोरांना चॉकलेट वाटत सुटायचं नाही.

साडेनऊपर्यंत खाली उतरून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागा. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा असा सातपुड्याच्या पायथ्याने जाणारा हा रस्ता म्हणजे या सहलीचा कणा. डांबराचं काही सांगता येत नाही, कुठे लोण्यासारखं, कुठे चाळण. ताशी चाळीसचा हिशेब धरा. वाटेत मनुदेवीचं ठिकाण आडगावजवळ डोंगरात आहे, हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत धबधब्याला धार असते. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा. दोन्ही बघायचा हट्ट नको, एक निवडा. मी मनुदेवी निवडेन.

कारण दुपारचे दोन तास थाळनेरला हवेत. शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठचं हे गाव आज इतकं साधं आहे की इथून एक राज्य सुरू झालं यावर विश्वास बसत नाही. १३७० च्या सुमारास फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला, आणि त्यातून खानदेशची फारुकी सत्ता उभी राहिली. पुढे त्याच्या मुलाने, नासिरखानाने, असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं, आणि राजधानी तिकडे गेली. पण सुरुवातीचे फारुकी पुरले गेले ते इथेच. गावाबाहेरच्या थडग्यांपैकी अष्टकोनी घुमटी शोधा. बोटभर रुंदीच्या नक्षीच्या पट्ट्या आठही बाजूंनी फिरतात, कोनाड्यांच्या कमानी एकसारख्या नाहीत. जवळ जाऊन हाताच्या अंतरावरून बघा, लांबून ती फक्त एक काळपट घुमटी वाटते. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला तेव्हा हे राज्य संपलं.

किल्ल्याचं फार काही उरलं नाही. तापीच्या कड्यावर बुरुजाचा आणि तटाचा भाग, खाली रुंद पात्र. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉपने हा किल्ला घेतला. शरणागतीच्या बोलण्यात दरवाजात झटापट झाली, इंग्रज अधिकारी पडले, आणि त्याचा राग म्हणून शिबंदीची कत्तल करून किल्लेदाराला फाशी दिलं गेलं. या फाशीवरून खुद्द इंग्लंडमध्ये टीका झाली. कड्याची माती ढासळते, म्हणून टोकावर उभं राहून सेल्फी नको. आणि हो, हे लता मंगेशकरांचं आजोळ.

मुक्काम शिरपूर. हाताशी अर्धा दिवस जास्त असेल तर अनेर धरण अभयारण्य इथून जवळ आहे.

पाचवा आणि सहावा दिवस: तोरणमाळ, आणि तो पिंगळा

शिरपूरहून शहादा साठेक किलोमीटर, तिथून तोरणमाळ पन्नासच्या आसपास. शहाद्यात टाकी, हवा, पाणी, औषधं, सगळं उरकून घ्या. रानात शिरणारा शेवटचा टप्पा हळू घ्यायचा. सात पायरी घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्या, वळणावर हॉर्न द्या, उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसण्याऐवजी दुसरा गिअर ठेवा.

याच डोंगराच्या पायथ्याशी पक्षिशास्त्रातली एक मोठी गोष्ट घडली. रान पिंगळ्याचं वर्णन ॲलन ह्यूमने १८७३ मध्ये केलं. जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी खानदेशात नोकरीला असताना त्याने इथून काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी गायब. मधला एकच पुरावा होता, मायनर्ट्‌झहागेन या इंग्रज कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला नमुना. अमेरिकी संशोधक पामेला रासमुसेन यांनी तो तपासला आणि तो डेव्हिडसनचाच चोरलेला, चिठ्ठी बदललेला नमुना असल्याचं दाखवून दिलं. म्हणजे गुजरातेत शोधणारे चुकीच्या जागी शोधत होते. खोटी नोंद बाजूला काढल्यावर उरले ते जुने खरे पत्ते, त्यात आपलं शहादा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट इथे आले आणि ११३ वर्षांनी हा पिंगळा पुन्हा दिसला.

तो शोधायचा कसा? पहिली गोष्ट, रात्री नाही. हा दिवसा वावरणारा पिंगळा आहे. सकाळचं ऊन अंगावर घेत निष्पर्ण सागाच्या उघड्या शेंड्यावर बसतो. आठ ते दहा हा वेळ उत्तम. दाट जंगलात न शोधता मोकळ्या, उताराच्या सागवनात शोधा. खरी अडचण वेगळीच: गावात दिसणारा नेहमीचा ठिपकेवाला पिंगळाही दिवसा दिसतो, आणि उत्साहाच्या भरात शंभरातले नव्वद लोक त्यालाच रान पिंगळा ठरवतात. दुर्बिणीतून आधी डोकं पाहा. ठिपकेवाल्याच्या टाळूवर पांढरे टिपके ठळक, रान पिंगळ्याची टाळू जवळजवळ सपाट तपकिरी. मग छाती: गडद तपकिरी, बाजूंना आडवे पट्टे. मग पोटाचा खालचा भाग आणि पाय, ते स्वच्छ पांढरे, आणि पाय पिसांनी जाडजूड. चोच आणि डोकं शरीराच्या मानाने मोठं. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, ती तो अधूनमधून झटकतो. यांपैकी निदान तीन खुणा पटल्या तरच वहीत नोंद करा.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलवू नका. संख्या मुळातच थोडी, त्यात विणीच्या दिवसांत खोट्या शेजाऱ्याशी भांडण्यात जोडप्याची ताकद जाते. घरटं दिसलं तर जागा समाजमाध्यमावर टाकू नका. आणि स्थानिक माणूस बरोबर घ्या. गुरं चारणाऱ्याला कोणत्या सागावर पाखरू बसतं हे तुमच्या ॲपपेक्षा जास्त माहीत असतं, मात्र त्याच्या वेळेचे पैसे द्या.

वर तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच. यशवंत तलावाभोवती चालायचं, गोरक्षनाथांचं देऊळ, मच्छिंद्रनाथांची गुहा, आणि संध्याकाळी सीताखाई. सीताखाईच्या कड्याला सगळीकडे कठडा नाही, मुलांचा हात धरा. खोलीचं आरक्षण शहाद्याला पोचण्याआधीच पक्कं हवं, रात्री खाली उतरून मुक्काम शोधायची वेळ आणू नका. जेवण साधं मिळतं, ज्वारीची किंवा मक्याची भाकरी आणि डाळ. मागणी आधी सांगितली तर गरम.

सहाव्या सकाळी पुन्हा घाटात तास-दोन तास पिंगळ्याला द्या आणि मग उतरा. शहाद्याहून प्रकाशा. तापी-गोमाईच्या संगमावरचं केदारेश्वर, दक्षिण काशी म्हणतात. इथल्या टेकाडाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळाची वस्ती मिळाली. पुढे नंदुरबार. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात, एकरभर लालच लाल. बघायला गाडी थांबवा, पण वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका, शिंका थांबायच्या नाहीत.

दोंडाईचामार्गे धुळे. शक्ती आणि ऊन उरलं असेल तर आग्रा रस्त्यावरचा लळिंग किल्ला, धुळ्यापासून दहाएक किलोमीटर दक्षिणेला. पायथ्याला हेमाडपंती देऊळ, तासाभराची चढण, वरून महामार्ग आणि लळिंगचं कुरण दिसतं. कुरणात मोर भरपूर. इथल्या लांडोर बंगल्यात १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम होता, ३१ जुलैला दरवर्षी लोक जमतात. चढायचं नसेल तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय बघा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये इथेच वारले, त्यांची कागदपत्रं जपणारी ही संस्था आहे.

सहा दिवस नसतील तर

तीन दिवसांत दोन टोकं एकत्र बांधू नका, दिवसभर स्टिअरिंगच हातात राहतं. पक्ष्यांची ओढ असेल तर धुळ्याहून थाळनेर करून थेट तोरणमाळ, तिथे दोन रात्री, येताना प्रकाशा. दगडांची ओढ असेल तर चाळीसगावला तळ ठोकून पाटणादेवी, कन्हेरगड, पितळखोरे. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हतनूर, चांगदेव आणि पाल: चढण जवळजवळ नाही, जेवण चांगलं, आणि पालच्या हरिण केंद्रात मुलांना नक्की काहीतरी दिसतं. कुठलाही तुकडा घेतलात तरी वनविश्रामगृहासाठी फोन निघण्याच्या महिनाभर आधी करा, शनिवार-रविवार तर त्याहून आधी भरतात.